रिलीजआधी चित्रपटाचा ट्रायल शो कसा घ्यावा?

प्रश्न: आम्ही काही मित्रांनी स्वतःच्या पैशातून एक मराठी चित्रपट केला आहे. लांबी १ तास ५२ मिनिटं, एडिट जवळपास झालं आहे. रिलीजआधी अनोळखी प्रेक्षकांना दाखवून मत घ्यायचं आहे. किती लोक बोलवावेत, कुठे दाखवावा, काय विचारावं, आणि लोक जे सांगतील त्यातलं किती ऐकावं?

उत्तर:

एडिट जवळपास झालं आहे पण लॉक झालेलं नाही, म्हणजे अजून बदल करता येतात, ही ट्रायलची नेमकी वेळ. आपल्याकडे बऱ्याच ट्रायल होतात त्या सगळं संपल्यावर. डीआय (रंगांचं अंतिम काम) झालेलं असतं, मिक्सिंग (आवाजाची अंतिम जुळणी) झालेलं असतं, सेन्सॉर हातात असतं, पोस्टरवर तारीख पडलेली असते. त्या खेळाला कलाकारांचे घरचे येतात, एखाद-दुसरा वितरक येतो, बाहेर पडताना सगळे हात मिळवतात. त्या आनंदाच्या कार्यक्रमाला माझी काहीच हरकत नाही. पण त्यातून चित्रपट एका फ्रेमनेही सुधारत नाही, कारण कोणी खरं सांगितलंच तरी बदल करणं तेव्हा परवडत नाही.

का परवडत नाही ते पाहा. लॉक झालेल्या एडिटमधून मधलेच १० सेकंद काढले, की पुढचे सगळे संवाद, फोली (पावलांसारखे नंतर तयार केलेले आवाज), पार्श्वसंगीत आणि सबटायटल्स १० सेकंदांनी सरकतात. त्या जागी वाजणारा संगीताचा तुकडा मध्येच तुटतो आणि संगीतकाराकडे परत जातो. डीआयची टाइमलाइन पुन्हा जुळवावी लागते, मिक्स पुन्हा काढावा लागतो, डीसीपी (थिएटरमध्ये चालणारी डिजिटल प्रत) नव्याने बनवावी लागते. सेन्सॉर प्रमाणपत्र आलेलं असेल, तर त्यानंतरचा फेरफार मंडळाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: फाइन कट (जवळपास पक्कं एडिट), ट्रायल, बदल, दुसरी ट्रायल, लॉक, मग पार्श्वसंगीत, डीआय, मिक्सिंग आणि शेवटी सेन्सॉर.

कायद्याची बाजू थोडक्यात. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ नुसार जाहीर प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे ट्रायल खाजगीच ठेवा. तिकीट नाही, देणगी नाही, फेसबुकवर "या आणि पाहा" अशी पोस्ट नाही. नावानिशी निमंत्रण, दारावर यादी, आणि गोष्ट बाहेर न सांगण्याच्या चार ओळींच्या कागदावर सही. मोठ्या महोत्सवात चित्रपट पाठवायचा विचार असेल तर याचा आणखी एक उपयोग होतो. अनेक महोत्सवांना पहिला जाहीर खेळ आपल्याकडे हवा असतो, तेव्हा आधी जाहीर खेळ झाला असं कुठेही दिसता कामा नये. पत्रकार आणि समीक्षक या फेरीत नकोत.

आता प्रत. रंग झालेले नसले तरी प्रेक्षक पाच मिनिटांत विसरतात, पण संवाद ऐकू आला नाही तर विसरत नाहीत. ट्रायलसाठी खर्च करायचा असेल तर तो संवादावर करा. सगळे संवाद एका पातळीवर आणा, मागची घरघर कमी करा, जिथे डबिंग बाकी आहे तिथे निदान मोबाइलवर रेकॉर्ड केलेला का होईना पण स्पष्ट संवाद टाका. अपुऱ्या व्हीएफएक्सच्या जागी साधी काळी पाटी चालते. टेंप म्युझिक, म्हणजे तात्पुरतं संगीत, लागेलच, पण गाजलेल्या चित्रपटाचं ओळखीचं संगीत लावू नका. त्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांत आलेलं पाणी त्या जुन्या संगीताचं असतं, आणि तुमचा संगीतकार पुढे त्या प्रसंगाला नवीन काही देऊ शकत नाही. ज्या प्रसंगाबद्दल मनात शंका आहे, तो मुद्दाम संगीताशिवाय दाखवा. तो नुसता उभा राहतो का ते कळेल.

बोलीचा प्रश्न मराठी चित्रपटाला फार महत्त्वाचा आहे. संवाद वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणीत असतील, तर टीममधल्या प्रत्येकाला ते पाठ झालेले असतात आणि किती शब्द बाहेरच्याला कळत नाहीत याचा अंदाज कुणालाच राहत नाही. त्या बोलीच्या भागातली एक ट्रायल आणि त्याबाहेरची एक, अशा दोन घ्या. बाहेरच्या ट्रायलला मराठी सबटायटल्स न लावता दाखवा. बोलीतला प्रत्येक शब्द कळायची गरज नसते, पण गोष्ट ज्या वाक्यावर वळते ते वाक्य कळलंच पाहिजे. ते निसटत असेल तर सबटायटलच्या आधी दुसरा उपाय करून पाहा: तीच माहिती दुसऱ्या पात्राच्या तोंडून, सोप्या शब्दांत, पुढच्या प्रसंगात. डबिंग बाकी असल्याने हे अजून हातात आहे.

किती लोक? मी तीन टप्पे सुचवेन. पहिला एडिट रूममध्ये, ६ ते ८ जणांचा: लेखन, संकलन, नाटक जाणणारे, पण तुमच्या चित्रपटाच्या कामात नसलेले. दुसरा, खरा कामाचा, ३० ते ४० अनोळखी लोकांचा. तिसरा शक्य असेल तर ८० ते १५० जणांचा, खऱ्या थिएटरमध्ये. विनोदी चित्रपट असेल तर हा तिसरा टप्पा टाळू नका, कारण हशा भरलेल्या सभागृहातच पसरतो. २५ माणसांच्या शांत खोलीत चांगला विनोदही पडल्यासारखा वाटतो आणि घाबरून तुम्ही तो कापून टाकाल. दोन टप्प्यांमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा, आणि एकदा पाहिलेला माणूस पुन्हा बोलावू नका. त्याला गोष्ट माहीत झालेली असते, त्यामुळे गोंधळ कुठे होतो ते तो सांगूच शकत नाही.

कोणाला बोलवायचं, इथे सर्वांत जास्त डोकं लावा. चुकीच्या प्रेक्षकाने केवढं नुकसान होतं त्याचं सिनेमाच्या इतिहासातलं ठळक उदाहरण अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'चं. १७ मार्च १९४२ ला कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे त्याचा पहिला प्रिव्ह्यू झाला, तो एका हलक्याफुलक्या संगीतपटाच्या पाठोपाठ, त्याच प्रेक्षकांसमोर. एका घराण्याच्या ऱ्हासाची गोष्ट त्या संध्याकाळी त्या लोकांना नको होती. ते हसले, मत लिहायच्या कार्डांवर वाईट लिहिलं. दोनच दिवसांनी पॅसाडेनाला प्रतिसाद बराच बरा होता, पण स्टुडिओने धसका घेतला. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होता. सुमारे ४० मिनिटं कापली गेली, शेवट नव्याने चित्रित झाला, आणि काढलेला भाग आजवर सापडलेला नाही.

म्हणून आधी ठरवा की तुमच्या चित्रपटाला तिकीट काढून कोण येणार आहे. मग तशी माणसं शोधा. ती मिळतात नाट्यगृहाच्या रांगेत, सार्वजनिक वाचनालयात, बँकेच्या किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये, महिला मंडळात, भिशीच्या गटात, सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर. एका गटातले दोघांपेक्षा जास्त घेऊ नका. सहा मैत्रिणी एकत्र बसल्या की त्यांचं मत एकच होतं. फोनवर दोन प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत थिएटरमध्ये मराठी चित्रपट पाहिलात का, आणि तुम्ही किंवा घरचं कोणी चित्रपट, मालिका, जाहिरात या धंद्यात आहे का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणारे घ्या. चित्रपटाची माहिती पोस्टरवर जेवढी असेल तेवढीच द्या, एक ओळ. प्रेक्षक एरवीही तेवढं कळूनच येतो. पुण्या-मुंबईबाहेर निदान एक ट्रायल झालीच पाहिजे. सातारा, सांगली, नाशिक, अमरावती, जिथे तुमचा चित्रपट चालावा असं वाटतं तिथे.

फुकट खेळाला हो म्हणून न येणारे खूप असतात. ४० हवे असतील तर ६० जणांना सांगा. वेळ शनिवार-रविवारी दुपारी चारची चांगली. रात्रीच्या खेळानंतर लोकांचं लक्ष शेवटच्या लोकलकडे किंवा एसटीकडे असतं आणि फॉर्म अर्धे कोरे येतात.

जागा. प्रिव्ह्यू थिएटर परवडलं तर उत्तमच, पण दुसऱ्या टप्प्याला साधं सभागृह चालतं. फक्त तीन गोष्टी तपासा. एक, अंधार: दुपारी खिडक्यांतून किती उजेड येतो ते त्याच वेळी जाऊन पाहा, काळं कापड लागेल. दोन, घुमारा: रिकाम्या, फरशीच्या शाळेच्या हॉलमध्ये संवाद विरघळतात. जाड पडदे, सतरंज्या, खुर्च्या असलेली खोली निवडा. हॉलच्या छतातले स्पीकर वापरू नका. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर, दोन चांगले स्पीकर उभे करा. तीन, पंखे. छताचे आठ पंखे हळू आवाजातला अख्खा प्रसंग खाऊन टाकतात. एसी नसेल तर खेळ हिवाळ्यात घ्या. आणि लाइट जाण्याची शक्यता असेल तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर हवेत, कारण मध्येच पाच मिनिटं अंधार झाला की त्या प्रसंगानंतरच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी ठरतात.

अशा हॉलमध्ये लॅपटॉपवरून एचडी फाइल पुरते. थिएटरमध्ये मात्र डीसीपी लागते. 'डीसीपी-ओ-मॅटिक' या मोफत सॉफ्टवेअरने ती घरी बनते. एडिट सेकंदाला २५ फ्रेमचं असेल तर २४ ची डीसीपी करा. २५ ची थिएटरमधल्या काही सर्व्हरवर चालत नाही, आणि ते खेळाच्या पंधरा मिनिटं आधी कळतं. आवाज स्टिरिओ असेल तर संवाद मधल्या चॅनेलला पाठवा, नाहीतर कडेला बसलेल्यांना सगळं एकाच बाजूने ऐकू येतं. एन्क्रिप्शन (फाइलला डिजिटल कुलूप) करू नका, चावीच्या भानगडीत खेळ रद्द होतो. त्याऐवजी पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत "परीक्षण प्रत" असं आणि तारीख ठेवा. ड्राइव्ह आदल्या दिवशी द्या, पहिली आणि शेवटची पाच मिनिटं लावून पाहा, आणि खेळ संपल्यावर सर्व्हरवरची प्रत तुमच्यासमोर पुसून घ्या. मोबाइल दारावर पाकिटात, टोकन देऊन.

खेळाआधी दिग्दर्शकाने बोलू नये. "अजून बरंच काम बाकी आहे, सांभाळून घ्या" म्हटलं की लोक सांभाळूनच घेतात. दुसऱ्या कुणी अर्ध्या मिनिटात सांगावं: प्रत अपूर्ण आहे, संगीत तात्पुरतं आहे, शेवटी दहा मिनिटांचा फॉर्म आहे, ज्यांनी चित्रपट केला ते इथे नाहीत, मोकळेपणाने लिहा.

खेळ चालू असताना पडद्याकडे पाहू नका, माणसांकडे पाहा. दोघं निरीक्षक पुढच्या बाजूला कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा. पहिल्या फ्रेमला दोघांनी घड्याळ सुरू करायचं आणि वेळेसमोर खुणा करायच्या: ह म्हणजे हशा, क म्हणजे कुजबुज, च म्हणजे चुळबूळ, ब म्हणजे कोणी बाहेर गेलं, श म्हणजे एकदम शांतता. पैसे असतील तर अंधारात दिसणारा कॅमेरा प्रेक्षकांवर लावा, पण त्याची परवानगी सहीच्या कागदात घ्या. फॉर्मवर माणूस सौजन्याने लिहितो, चुळबूळ मात्र तो ठरवून करत नाही. एका जागी पाच-सहा जणांनी एकाच मिनिटात पाण्याची बाटली उघडली, पाय बदलले, मागे रेलले, तर त्या आधीच्या दोन मिनिटांत काहीतरी संपलेलं आहे आणि प्रसंग अजून चालू आहे.

मध्यंतर मुद्दाम ठेवा. रिलीजला मध्यंतर असणार, मग ट्रायलमध्ये सलग दाखवून काय कळणार? जिथे मध्यंतर होणार तिथेच तोडा, आणि दिवे लागताच, चहा-वडापावच्या आधी, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. त्यावर एकच प्रश्न: "आता पुढे काय होईल असं वाटतं?" हा सगळ्या ट्रायलमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा कागद आहे. तीस चिठ्ठ्यांत सगळ्यांनी तुमचा खरा शेवटच लिहिला असेल, तर उत्तरार्धात त्यांच्यासाठी काही उरलेलं नाही. निम्म्यांनी "माहीत नाही" लिहिलं, तर पूर्वार्धाने प्रश्नच उभा केलेला नाही.

शेवटची फ्रेम संपताच मंद दिवे लावा, लांबलचक श्रेयनामावली दाखवू नका. फॉर्म आधी, गप्पा नंतर. एक पान, दोन्ही बाजू, मोठा टाइप, मराठीत, नाव न विचारता, आणि पेनं तुम्हीच द्या. प्रश्न साधारण असे:

एकूण चित्रपट कसा वाटला: उत्कृष्ट, खूप चांगला, चांगला, बरा, वाईट.
ओळखीच्यांना पाहायला सांगाल का: नक्की, कदाचित, नाही.
चित्रपटाची गोष्ट तीन ओळींत लिहा.
कुठे कंटाळा आला? कुठे कळलं नाही?
कोणती गोष्ट खरी वाटली नाही?
कोणतं पात्र जवळचं वाटलं, कोणतं नकोसं?
शेवट झाला तेव्हा काय वाटलं?
तिकीट काढून आला असता, की ओटीटीवर येण्याची वाट पाहिली असती?
दहा-बारा वर्षांच्या मुलाला बरोबर आणलं असतं का?
वय, जिल्हा, थिएटरमध्ये पाहिलेला शेवटचा चित्रपट.

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचा संबंध सेन्सॉरशी आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत. कुटुंबाने एकत्र पाहावा असा चित्रपट असेल तर आईवडिलांना नेमकं काय खटकतं ते आधी कळलेलं बरं. "तुम्ही काय बदलाल?" हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की प्रेक्षक पाहणं सोडून पटकथा लिहायला लागतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कसं वाचायचं? जोसेफ फॅरेलने १९७८ मध्ये सुरू केलेल्या नॅशनल रिसर्च ग्रुपने हॉलिवूडमध्ये अशा फॉर्मची पद्धत रुजवली. तिथे वरचे दोनच रकाने आणि "नक्की सांगेन" एवढंच मोजतात. आपल्याकडे तर हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवं, कारण फुकट बोलावलंय, चहा दिलाय, म्हणून माणूस संकोचाने "चांगला"वर खूण करतो. ती खूण शून्य धरा. पण टक्केवारीचे तक्ते करत बसू नका. ३० जणांत एक माणूस म्हणजेच तीन टक्क्यांहून जास्त. त्यापेक्षा न विचारता एकच गोष्ट तीन-चार जणांनी स्वतःहून लिहिली आहे का ते शोधा.

गोष्ट तीन ओळींत लिहायला सांगण्याचा प्रश्न अजिबात गाळू नका. लोकांनी लिहिलेली गोष्ट आणि तुम्ही सांगायला निघालेली गोष्ट यांत फरक पडतो तिथे खरी दुरुस्ती असते. तुमच्या मते ती मुलीची गोष्ट आहे आणि पंचवीस जणांनी वाक्याची सुरुवात "एक बाप असतो" अशी केली असेल, तर सुरुवातीच्या प्रसंगांत कॅमेरा कोणाबरोबर आहे ते तपासा.

फॉर्म गोळा झाल्यावर १० ते १२ जणांना वीस-पंचवीस मिनिटं थांबवा. बोलतं करणारा माणूस बाहेरचा हवा. दिग्दर्शक दुसऱ्या खोलीत रेकॉर्डिंग ऐकेल. सुरुवात हात वर करायला सांगून करा, म्हणजे मोठ्या आवाजाचा एकजण सगळ्यांचं मत ठरवणार नाही. एखाद्याने चुकीचा अर्थ लावला तर समजावून सांगू नका. थिएटरमध्ये समजावायला कोणी नसतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती ऐकावं. प्रेक्षकाला त्रास कुठे झाला ते तो जवळजवळ नेहमी बरोबर सांगतो. त्रासाचं कारण त्याला सहसा सांगता येत नाही, आणि उपाय तर नाहीच. "उत्तरार्ध रेंगाळतो" ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. ऐकून उत्तरार्ध कापायला घेतात, तो आणखी तुटक होतो आणि तक्रार तशीच राहते. कारण बहुतेक वेळा पूर्वार्धात असतं: नायकाला काय हवंय आणि नाही मिळालं तर काय बिघडेल, हे ठसलेलंच नसतं, म्हणून पुढची धडपड लांब वाटते. "शेवट अचानक झाला" म्हणणाऱ्यांना पुष्कळदा मोठा शेवट नको असतो, शेवटाच्या आधीचा निर्णय दिसायला हवा असतो. "हिरो आवडला नाही" याचं मूळ सुरुवातीच्या एखाद्या कापलेल्या प्रसंगात सापडतं. लांबी कमी करण्याच्या घाईत त्याचा माणूसपणा दाखवणारी दोन मिनिटं गेलेली असतात. ती परत टाका, चित्रपट मोठा होऊन छोटा वाटेल.

काम असं करा. भिंतीवर ११२ मिनिटांची लांब पट्टी चिकटवा. वरच्या बाजूला निरीक्षकांच्या खुणा, खालच्या बाजूला फॉर्ममधल्या तक्रारी, ज्या मिनिटाची त्या मिनिटाला. दोन्ही बाजू एकाच जागी दाटल्या तिथे आधी हात घाला. तक्रारींचे तीन ढीग पडतात. न कळल्याच्या तक्रारी दुरुस्त कराच, त्यात मानापमान नाही. वेगाच्या तक्रारी दोन दिवस थांबून एडिटरबरोबर तपासा. आवडीनिवडीच्या तक्रारी, म्हणजे गाणी हवी होती, शेवट गोड हवा होता, अशा सोडून द्या, जोवर ती तक्रार तुमच्या स्वतःच्या मनातही होती असं आठवत नाही. आणि एका फेरीत दहा बदल करू नका. दोन-तीन मोठे करा, म्हणजे पुढच्या ट्रायलला कशाने फरक पडला ते कळेल. शेवट दोन असतील आणि ठरत नसेल, तर एकाच गटाला दोन्ही दाखवू नका, दोन वेगळ्या गटांना एकेक दाखवा.

पासवर्डच्या लिंकवर ऑनलाइन ट्रायल घेता येते, प्रत्येकाच्या प्रतीवर त्याचं नाव उमटवून. परदेशातल्या मराठी प्रेक्षकांना सबटायटलशिवाय कितपत कळतं हे पाहायला ती ठीक. वेग मात्र तिच्यावरून जोखू नका, घरी माणूस थांबवतो, दार उघडायला जातो, परत येतो. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार भरतो, आता 'वेव्हज फिल्म बाजार' या नावाने. त्यात रफ कटसाठी, म्हणजे कच्च्या एडिटसाठी, वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असते, तिथे अर्ज जरूर करा. तिथली मतं जाणकारांची असतात, महोत्सवाच्या वाटेसाठी उपयोगी. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाची जागा ती घेत नाहीत.

दुसऱ्या ट्रायलमध्ये न कळल्याच्या तक्रारी थांबल्या, तीन ओळींतली गोष्ट जुळू लागली आणि उरलेलं सगळं आवडीनिवडीचं असेल, तर लॉक करा. हशांची वेळेसकट यादी लॉकच्या आधी एडिटरला द्या. मोठ्या सभागृहात हशा पुढच्या वाक्यावर सांडत असेल तर तिथे दीड-दोन सेकंदांची जागा करता येते, हसऱ्या चेहऱ्याचा एखादा शॉट लांबवून. लॉक झाल्यावर तीच यादी मिक्सिंग करणाऱ्याकडे पाठवा, म्हणजे ज्या वाक्याला जागा करता आली नाही ते निदान थोडं वर उचलता येईल.